बालीतून काम, तलावाकाठी लॅपटॉप : रीलच्या चौकटीबाहेर काय राहतं?

चिंचगूळ (धागाकर्ता)

'नोकरी पुण्यातलीच, पगार तोच, पण राहतो बालीत' या छापाच्या रील्सचा सध्या महापूर आलाय. पोहण्याच्या तलावाशेजारी लॅपटॉप, शेजारी शहाळं, मागे भातखाचरं आणि शेवटी 'बायोमधली लिंक बघा'. हे बघून राजीनाम्याचा मसुदा लिहायला घेणारे इथेही आहेत, म्हणून हा धागा. टिंगल करायची नाही. बाली (इंडोनेशिया), चियांग माई (थायलंड), लिस्बन (पोर्तुगाल) इथे राहून काम करणारे पुष्कळ लोक आहेत आणि त्यातले बरेच व्यवस्थित राहतात. प्रश्न इतकाच की पडद्यावर दिसतं त्यावर बेत आखता येतो का, आणि नसेल तर काय वगळलेलं असतं.

एक विनंती: 'आम्ही गेलो होतो तेव्हा...' यासाठी प्रवासवर्णनांचा विभाग आहे. इथे नियम, आकडे, तपासायच्या पद्धती लिहा.

सुरुवात घड्याळापासून करतो, त्याला फुकटात तपासता येतं. बाली भारताच्या अडीच तास पुढे आहे. भारतीय वेळेने १० ते ७ नोकरी म्हणजे तिथे दुपारी साडेबारा ते रात्री साडेनऊ. विषुववृत्त जवळ असल्याने बालीत सूर्य वर्षभर साधारण सहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो. म्हणजे भारतीय कंपनीत काम करणारा माणूस सोमवार ते शुक्रवार किनाऱ्यावर सूर्यास्त बघत बसू शकत नाही, तेव्हा त्याची मीटिंग चालू असते. ग्राहक लंडनचा असेल तर काम दुपारी चार-पाचला सुरू होऊन मध्यरात्री किंवा एकला संपतं. न्यूयॉर्कचा असेल तर रात्री नऊ-दहा ते पहाटे पाच-सहा. मग सकाळचा योगवर्ग कोण करतं?

बालीचं घड्याळ नीट जुळतं ते ऑस्ट्रेलियाशी. पर्थची वेळ तर बालीचीच. सिडनीचा ९ ते ५ दिवस बालीत सकाळी सहा-सातला सुरू होऊन दुपारी दोन-तीनला संपतो. रोजची संध्याकाळ मोकळी दिसत असेल तर काम ऑस्ट्रेलियाचं असावं, नाहीतर व्हिडिओ बनवणं हेच काम असावं.

लिस्बनचं उलट आहे. भारतीय १० ते ७ तिथे उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते दुपारी अडीच आणि हिवाळ्यात साडेचार ते दीड. संध्याकाळ खरोखर मोकळी मिळते. साडेचारचा गजर तेवढा कोणी चित्रित करत नाही.

---

कात्री_आणि_डिंक

व्हिडिओ संकलनाच्या बाजूने लिहितो. या प्रकारात खोटं बोलावं लागतच नाही, निवडीवर भागतं.

पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये दहा-बारा तुकडे असतात. एका शनिवारी तीन-चार जागा आणि पाच-सहा कपड्यांचे जोड घेऊन बाहेर पडलं की महिनाभराचा माल जमतो. टाकण्याचा क्रम आणि चित्रणाचा क्रम यांचा संबंध नसतो, त्यामुळे 'माझा एक दिवस' हा बहुधा चार दिवसांचा जोड असतो. सावल्यांच्या दिशेवरून, दाढीच्या वाढीवरून, नखांच्या रंगावरून हे पकडता येतं.

खोली मोठी दिसते ती फोनच्या ०.५ लेन्समुळे, म्हणजे खूप रुंद टिपणाऱ्या लेन्समुळे. कडेला दरवाजाची चौकट ताणलेली किंवा वाकलेली दिसली की ती लेन्स ओळखावी. मग फरशा मोजा. ६० सेंटिमीटरच्या फरशा समजून पलंगापासून भिंतीपर्यंत किती बसतात ते बघा, म्हणजे खरा आकार बऱ्यापैकी कळतो.

आता तलावाकाठचा लॅपटॉप. साध्या लॅपटॉपच्या पडद्याची उजळता ३०० ते ५०० निट्स असते आणि भर दुपारचं ऊन लाखभर लक्सच्या घरात जातं. त्या उन्हात स्वतःचा चेहराच पडद्यात दिसतो, एक्सेल दिसत नाही. मॅकबुक ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावं असं ॲपलच सांगतं. थेट उन्हातल्या गादीवर ठेवलेलं यंत्र त्यापलीकडे लवकर जातं, आणि गादीमुळे गरम हवा बाहेर पडायची वाटही बुजते. चार्जरची वायर नाही, हेडफोन नाही, माउस नाही, तर ते काम नाही, छायाचित्र आहे.

याचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण पूर्व बालीतल्या लेंपुयांग मंदिराचं. दगडी दुभंगलेलं द्वार, मागे आगुंग ज्वालामुखी आणि पुढ्यात तळ्यात पडलेलं प्रतिबिंब. तिथे तळं नाहीच! फोनच्या लेन्सखाली आरशाचा तुकडा धरून ते प्रतिबिंब तयार करतात. हे २०१९ मध्येच जगभर छापून आलं, तरी त्या एका फोटोसाठी टोकन घेऊन तासन्‌तास रांग लागते. फोटोत रांग येत नाही.

ऋतूही बघा. साधारण नोव्हेंबर ते मार्च पाऊस. जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमेच्या वाऱ्यांमुळे कुटा आणि आसपासच्या किनाऱ्यांवर समुद्रातलं प्लास्टिक येऊन पडतं. जानेवारीत टाकलेल्या रीलमध्ये लख्ख किनारा असेल तर तो जुलैचा असण्याची शक्यता जास्त.

---

सांजवात

तलावात तरंगणाऱ्या नाश्त्याच्या ताटाचं राहिलं की! ते बहुतेक व्हिलांमध्ये वेगळे पैसे घेऊन मिळतं. ताट हललं की आम्लेटमध्ये क्लोरीनचं पाणी. फोटो झाला की मंडळी टेबलावर बसून खातात.

---

शिक्का_मोर्तब

व्हिसाबद्दल सविस्तर लिहितो, कारण रीलमध्ये सर्वात जास्त गाळलं जातं ते हेच. 'व्हिसा? अगदी सोपं!' एवढ्यावर विषय संपतो. ते वाक्य बोलणाऱ्याचा पासपोर्ट कुठला, हे आधी बघा. अमेरिकन किंवा जर्मन पासपोर्टवाल्याने सांगितलेला 'तीन महिने इथे, तीन महिने युरोपात' हा बेत भारतीय पासपोर्टवर तसाच उतरत नाही. शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसासाठी, आपल्याला आधी अर्ज, बँकेची विवरणं, बोटांचे ठसे आणि जून २०२४ पासून ९० युरो शुल्क. मिळाला तरी १८० दिवसांत ९० दिवसच, आणि अनेकदा त्याहून कमी.

बाली: भारतीयांना आगमनावर व्हिसा मिळतो, ५ लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन) शुल्क, ३० दिवस, एकदा आणखी ३० दिवस वाढवता येतो. शिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना दीड लाख रुपियांचं बालीचं वेगळं शुल्क आहे. हा व्हिसा पर्यटनाचा आहे. परदेशी कंपनीचं काम दुरून करणाऱ्यांसाठी इंडोनेशियाचा वेगळा निवासपरवाना आहे, ई३३जी. त्याची अट वर्षाला किमान ६०,००० डॉलर उत्पन्न, म्हणजे पन्नास लाख रुपयांच्या वर. 'बारा लाखांच्या पगारात बाली' सांगणाऱ्याकडे हा परवाना नसणार हे गणितानेच कळतं. तो पर्यटक व्हिसावर काम करतोय, आणि ते जगासमोर व्हिडिओ काढून सांगतोय.

यात काय होऊ शकतं? जानेवारी २०२१ मध्ये एका अमेरिकन महिलेने ट्विटरवर मालिका लिहिली: लॉस एंजेलिसमधल्या महिना १,३०० डॉलर भाड्याच्या घराऐवजी बालीत ४०० डॉलरमध्ये राहते, तुम्हीही या, कसं ते माझ्या ई-पुस्तकात वाचा. देश तेव्हा कोविडमुळे पर्यटकांना बंद होता. स्थानिक लोकांनी ती मालिका उचलून धरली, इमिग्रेशनने बोलावलं आणि त्याच महिन्यात तिला देशाबाहेर काढलं. तिच्याविरुद्धचा पुरावा तिने स्वतःच प्रसिद्ध केला होता.

पैसे न घेता 'एक रील आणि दोन रात्री फुकट' असा व्यवहार केला, तरी तो मोबदलाच. पर्यटक व्हिसावर तो अडचणीचा ठरू शकतो.

बाकीच्या देशांचे असेच दूरस्थ कामाचे व्हिसे थोडक्यात. थायलंडचा डीटीव्ही (जुलै २०२४ पासून): पाच वर्षं वैध, एका प्रवेशात १८० दिवस, बँकेत ५ लाख बाट दाखवायचे, थाई मालकाची नोकरी चालत नाही. मलेशियाचा डी रांताउ: माहिती-तंत्रज्ञानातल्यांना वर्षाला किमान २४,००० डॉलर उत्पन्न, इतर पेशांना ६०,०००. पोर्तुगालचा डी८: किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न, २०२५ च्या वेतनानुसार ३,४८० युरो. दुबईचा दूरस्थ कामाचा व्हिसा: महिना ३,५०० डॉलर. मध्यम पगारवाल्या भारतीयाला यातलं मलेशियाचं दार सर्वात रुंद आहे, आणि त्याच्या रील्स सर्वात कमी दिसतात. क्वालालंपूरच्या फ्लॅटमध्ये भातखाचरं नाहीत ना.

---

भटकभवानी

थोडा विरोध नोंदवते. सगळ्यांना एका मापाने मोजू नका. महिन्याच्या खर्चाचा हिशेब पडद्यावर मांडणारे, पावत्या दाखवणारे, 'आज तापाने पडून आहे' असंही टाकणारे लोक आहेत. आणि लग्नाच्या अल्बममध्ये तरी रुसलेल्या आत्याबाईंचा फोटो कोण लावतं? सुंदर तेवढंच दाखवणं हा गुन्हा नाही.

माझा आक्षेप पैशाचा मार्ग लपवण्याला आहे. 'महिना साठ हजारांत बाली' म्हणणाऱ्याचं घर हॉटेलने फुकट दिलं असेल तर साठ हजार हा आकडाच खोटा ठरतो. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली नियम आहेत. जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुकट मुक्काम, सहल, सवलत, भेटवस्तू, काहीही मिळालं असेल तर ते ठळकपणे, व्हिडिओत दिसेल आणि ऐकू येईल असं सांगायचं. हॅशटॅगांच्या गर्दीत पुरून चालत नाही. फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. प्रत्यक्षात 'कोलॅब' हा शब्द करड्या रंगात कोपऱ्यात असतो.

मिळकतीचे उरलेले रस्ते: विम्याच्या आणि व्हीपीएनच्या (इंटरनेटवर आपली खरी जागा लपवणारी सेवा) लिंकवरचं कमिशन, व्हिसा एजंटाकडून दर ग्राहकामागे वाटा, आणि 'डिजिटल भटके व्हा' नावाचा कोर्स. कोर्स विकणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारा: तुमच्या उत्पन्नातला किती भाग हा कोर्स विकून येतो?

---

शिक्का_मोर्तब

@भटकभवानी, मान्य. व्हिला विकणारे त्या यादीत जोडा. 'बालीत स्वतःचं घर, वर्षाला इतके टक्के परतावा' अशा रील्स वाढल्यात. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी परदेशी माणसाला मिळत नाही. मिळतो तो बहुधा २५-३० वर्षांचा भाडेपट्टा. स्थानिक माणसाच्या नावावर घेऊन आतून करार करायचा मार्ग बेकायदा आहे, आणि भांडण झालं तर जमीन त्या माणसाचीच राहते.

---

वजाबाकी

कराच्या बाजूने. 'कुठेच कर भरत नाही' हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबा.

भारतात आर्थिक वर्षात १८२ दिवस राहिलात तर तुम्ही निवासी आणि जगभरचं उत्पन्न इथे करपात्र. दुसरा निकष लोक विसरतात: वर्षात ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस. परदेशात नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या नागरिकाला त्या वर्षी ६० ऐवजी १८२ ची सवलत आहे. पण पुण्याच्या कंपनीचीच नोकरी बालीतून करणं हे 'परदेशात नोकरीसाठी बाहेर पडणं' आहे का, यावर कर अधिकारी वाद घालू शकतो. तिसरी गोष्ट: परदेशी उत्पन्न सोडून बाकीचं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि दुसऱ्या कुठल्याच देशात तुम्ही राहण्याच्या निकषावर करपात्र नसाल, तर भारतीय नागरिक म्हणून तुम्हाला निवासी मानलं जातं. 'कुठलाच देश नाही, म्हणून कर नाही' ही वाट या नियमाने बुजवली.

पलीकडची मोजणी वेगळी. इंडोनेशियात १२ महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलं की तिथले कर-निवासी. थायलंडमध्ये कॅलेंडर वर्षात १८० दिवस, आणि १ जानेवारी २०२४ पासून बाहेरचं उत्पन्न थायलंडमध्ये आणलं की करपात्र. आपलं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यांचं जानेवारीला, त्यामुळे एकाच मुक्कामात दोन्हीकडे निवासी ठरणं शक्य आहे. मग दुहेरी कर टाळण्याच्या कराराचा आधार घ्यावा लागतो. सगळ्या प्रवेश-निर्गमन शिक्क्यांच्या प्रती ठेवा. ई-गेटने गेलात तर शिक्का नसतो, तेव्हा बोर्डिंग पास जपा.

निवासी असताना तिकडे बँक खातं उघडलंत तर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावं लागतं, शिल्लक कितीही कमी असली तरी. हा तक्ता कॅलेंडर वर्षाप्रमाणे भरायचा असतो आणि बरेच जण तिथेच चुकतात.

---

फ्यूजवायर

घर आणि वीज. बालीतलं घर बघताना मीटरवर किती व्हीए (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे वीजजोडणीची क्षमता) लिहिलंय ते विचारा. १,३०० व्हीएच्या जोडणीला ६ अँपिअरचा ब्रेकर असतो, २,२०० ला १० अँपिअरचा. एक टनाच्या आसपासचा एसी ८००-९०० वॉट, इंडक्शन शेगडी १,८०० वॉट. २,२०० वर दोन्ही एकत्र लावलं की ब्रेकर पडतो आणि राउटरही बंद. ग्राहकासमोर पडदा गोठतो तो बऱ्याचदा इंटरनेटमुळे नव्हे, शेजारच्या खोलीत कोणी किटली लावल्यामुळे. राउटरला छोटा यूपीएस लावला की निम्मी डोकेदुखी जाते.

वीज बहुतेक ठिकाणी प्रीपेड. वीस आकडी टोकन विकत घेऊन मीटरवर दाबायचं. शिल्लक संपत आली की मीटर टूं-टूं करतं, रात्रीसुद्धा. नळाचं पाणी प्यायचं नाही, १९ लिटरचे जार लागतात.

रीलमधला 'महिन्याचा दर' आणि प्रत्यक्षातला यात तफावत का? स्वस्त दर बहुधा वर्षभराचं भाडं एकरकमी आगाऊ भरल्यावरचा असतो. ३० दिवसांच्या व्हिसावर गेलेल्या माणसाला तो मिळणारच नाही. महिन्याच्या बोलीवर 'कोस' बघा, म्हणजे तिथल्या भाड्याच्या खोल्या. त्या रीलमध्ये नसतात, पण स्थानिक नोकरदार तिथेच राहतात.

फोनचंही एक आहे. परदेशातून आणलेल्या फोनमध्ये स्थानिक सिम ९० दिवसांपर्यंत चालतं. पुढे वापरायचं तर कस्टम्सकडे आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) नोंदवून, किमतीनुसार कर भरावा लागतो. विमानतळावर उतरल्या-उतरल्याच करून टाका.

आणि मार्चमधला बेत असेल तर न्येपी बघा. बालीच्या शक वर्षाचा पहिला दिवस, आपल्या पाडव्याच्या आगेमागेच येतो. २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चलाच. सकाळी सहापासून २४ तास विमानतळ बंद, मोबाइल इंटरनेट बंद, रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, दिवे मंद. त्या दिवशी डेडलाइन ठेवू नका.

---

हेल्मेट_घाल_रे

स्कूटर! प्रत्येक बाली-रीलमध्ये एक जण बिनहेल्मेट, केस उडवत जातोच. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून मिळतो: फॉर्म ४अ, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवान्यावर फक्त चारचाकी असेल तर त्यावरही दुचाकी येत नाही. बहुतेक प्रवास विम्यांत परवान्याविना दुचाकी चालवताना झालेला अपघात वगळलेला असतो. भारतीय कंपन्यांच्या प्रवास पॉलिसीला एका सहलीची कमाल दिवसमर्यादाही असते, आणि बऱ्याच पॉलिसी भारतातून निघण्याआधीच घ्याव्या लागतात. 'तिकडे गेल्यावर बघू' जमत नाही.

बालीत २००८ पासून रेबीज आहे. कुत्रा किंवा माकड चावलं, ओरखडलं तर साबणाच्या वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस. जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, आणि ते प्रत्येक दवाखान्यात असेलच असं नाही. कुठे आहे ते आधी फोन करून विचारा.

---

डोंगरधूर

चियांग माईबद्दल फारसं कोणी बोललं नाही. तिथे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल शेतातला पालापाचोळा आणि जंगल जळतं. त्या काळात हे शहर जगातल्या सर्वात प्रदूषित शहरांच्या यादीत वर दिसतं. रीलवाले तेव्हा दक्षिणेच्या बेटांवर जातात, आणि प्रेक्षकाला तो 'बेटावरचा महिना' वाटतो. वर्षाच्या भाडेकरारावर सही करण्याआधी मार्चचे पीएम २.५ चे आकडे बघा. घरमालक साधारण दोन महिन्यांची अनामत आणि एका महिन्याचं आगाऊ भाडं घेतात. परदेशी माणूस राहायला आला की मालकाने २४ तासांत टीएम३० नोंद करायची असते. ती पावती नसेल तर पुढे इमिग्रेशनमध्ये काम अडतं, म्हणून चावी घेतानाच मागा.

---

सांजवात

आणि तिथल्या लोकांचं काय? बालीतल्या बडुंग जिल्ह्यात (चांगू, कुटा त्यातच) २०२५ चं किमान वेतन महिना सुमारे ३५ लाख रुपिया, म्हणजे अठरा-एकोणीस हजार रुपये. रीलमध्ये 'किती स्वस्त!' म्हणून दाखवलेली व्हिला त्या पगाराच्या तिप्पट-चौपट. मेक्सिको सिटीत जुलै २०२५ मध्ये रोमा-कोंदेसा भागात लोक याच कारणाने रस्त्यावर उतरले. त्याआधी एप्रिल २०२४ मध्ये कॅनरी बेटांवरही मोर्चे निघाले.

गोव्याचंही फार वेगळं नाही. 'दिल्ली सोडून आसगावात आलो' हे व्हिडिओ नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे. जुलैत भिंतींना येणारी बुरशी आणि जाणारी वीज त्यात नसते. भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी हवीत हेही कोणी सांगत नाही. खासगी पाटीची गाडी भाड्याने घेतली तर अपघातात विमा हात वर करतो.

---

पोटमाळा

चांगला धागा. एक शंका: कंपनीने घरून काम कायमचं मंजूर केलंय. मग घर पुण्यात की बालीत, काय फरक? व्हीपीएन लावला की झालं ना?

---

वजाबाकी

@पोटमाळा, नाही होत. कंपनीच्या लॅपटॉपवरून कंपनीला फक्त आयपी (इंटरनेटचा पत्ता) दिसतो असं नाही. आसपासच्या वायफायवरून जागा कळते, शिवाय लॉगिनचा इतिहास असतोच. सकाळी फोनवर बालीची राजधानी देनपसारमधून आणि दहा मिनिटांनी लॅपटॉपवर पुण्यातून लॉगिन झालं की सुरक्षा विभागाला आपोआप इशारा जातो. ग्राहकाच्या करारात 'डेटा अमुक देशाबाहेर उघडायचा नाही' असं कलम असेल तर तुमच्यामुळे कंपनी करार मोडते. कर्मचारी दुसऱ्या देशात बसून बराच काळ काम करू लागला तर तिथल्या सरकारच्या नजरेत कंपनीचं तिथे कायम आस्थापन (म्हणजे तिथे कर लागू शकेल असं कामाचं ठिकाण) तयार झालं का, हाही प्रश्न येतो. त्याची भीती कंपन्यांना तुमच्या व्हिसापेक्षा जास्त असते. आणि कंपनीचा समूह आरोग्यविमा बहुधा भारतापुरताच असतो.

एचआरला मेल करताना देशाचं नाव, पोहोचण्याची आणि परतण्याची तारीख, व्हिसाचा प्रकार आणि कोणत्या ग्राहकाच्या प्रकल्पावर आहात हे चारही लिहा. 'काही दिवस बाहेरून काम करू का' असं मोघम विचारलं तर मोघम होकार येतो आणि तो नंतर कामाचा नसतो. लेखी मंजुरीत देशाचं नाव असलं पाहिजे. लॅपटॉप कंपनीचा असेल तर तो परदेशी नेण्याचं पत्र वेगळं घ्या, परतताना कस्टम्सने विचारलं तर दाखवता येतं.

---

पोटमाळा

व्हिसाचा प्रकार लिहायचा म्हटल्यावर मेलचा मसुदा तिथेच अडला. मलेशियाची माहिती काढतो.